आर्डिस नालबंदाचा ट्रक

आर्डिस व्होपाट आमच्या भागातली एकमेव नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारी. पन्नास मैलांच्या टापूत जेवढे घोडे आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे खूर तिच्या दोन मांड्यांच्या मध्ये येऊन गेलेत. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, पण मनगटं अशी की माझ्या दुकानातलं पेंडीचं पोतं ती एका हाताने उचलायची आणि दुसऱ्या हाताने दार उघडायची. मी कॉटनर गावात पशुखाद्याचं दुकान चालवतो, त्याला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आर्डिसने एकही पोतं वास घेतल्याशिवाय नेलेलं नाही. कोपऱ्यातली शिवण बोटभर उसवायची, आत नाक घालायची, मग मान हलवायची. सुरुवातीला मी चिडलो होतो.

"अगं, मी काय तुला बुरशीची पेंड देईन का?"

"तू नाही देणार. पण तुला ज्याने दिली, त्याला मी ओळखत नाही."

तिचा हा स्वभाव कुठून आला, ते तिने मला एकदाच सांगितलं. तिचा बाप एमिल घोड्यांची दलाली करायचा. ती नऊ वर्षांची असताना त्याने एक लंगडी घोडी विकायला काढली होती. गिऱ्हाईक यायच्या आधी त्याने घोडीच्या धडधाकट पायाच्या नालेखाली एक खडा बसवला. आता दोन्ही पाय सारखेच दुखायला लागले, त्यामुळे घोडी आखूड पावलं टाकत, पण सरळ चालायला लागली. लंगड दिसेना. आर्डिस कंदील धरून उभी होती. आठ दिवसांनी ते गिऱ्हाईक बायकोमुलीला घेऊन परत आलं. मुलगी रडत होती. एमिल शांतपणे म्हणाला, "इथून निघताना तर नीट होती. तुम्हीच पाहिलंत ना?"

"तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही," आर्डिस म्हणाली. "पायांकडे बघते."

एकटी राहिली. लग्नाचं एकदा ठरलं होतं, ते तिनेच मोडलं. का, ते कुणाला माहीत नाही. घर, तबेला, एक म्हातारं खेचर आणि ट्रक. ट्रक म्हणजे पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, आमच्याकडे घराघरांत असतो तसा. रंग फिकट हिरवा, वय अकरा वर्षं. तिने तो कोरा घेतला होता, कारण वापरलेली गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं पाप घरात आणणं, असं तिचं मत. हौद्यात तिचा सगळा संसार: गॅसची भट्टी, नालांच्या पेट्या, कानशी, सांडशा आणि सव्वाशे पौंडांची ऐरण. त्या वर्षी वसंतात तिचा उजवा खांदा धरला. ऐरण दर ठिकाणी खाली उतरवणं झेपेना, म्हणून तिने स्वतःच एक लोखंडी घोडी, म्हणजे ऐरणीचं बैठं, बनवून हौद्याच्या तळाला बोल्टांनी आवळली. ऐरण त्या घोडीवर बसवून तिथेच काम करता यायचं. खांद्याला आराम पडला.

जुलैमध्ये ट्रक पहिल्यांदा बंद पडला. भर दुपारी, कच्च्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना नुसत्या वाळूच्या टेकड्या आणि गवत. इंजिन काही न बोलता गप्प झालं. धूर नाही, आवाज नाही. आर्डिस खाली उतरली, बॉनेट उघडलं, हौद्यात चढून पाण्याचा डबा काढला, पाणी प्याली. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी लगेच चालू.

तिने ती वेंडेल थायसनकडे नेली. गावात मिस्त्री एकच. शाळेत तो तिच्या दोन वर्षं पुढे होता. दिवसाला वीस शब्द बोलायचा, त्यातले दहा कुत्र्याशी. त्याने गाडी दोन दिवस ठेवली, वीस मैल चालवली, पेट्रोलची गाळणी बदलली आणि म्हणाला, "माझ्याकडे एकदाही बंद पडली नाही."

आठवड्याने ती पुन्हा पडली.

ऑगस्टमध्ये त्याने टाकीतला पंप बदलला, सप्टेंबरात कॉइल. दर वेळी गाडी त्याच्या अंगणात शहाण्यासारखी चालायची आणि आर्डिसच्या हातात आली की चार दिवसांत रस्त्यात मान टाकायची. एकदा तर एका बाईच्या शर्यतीच्या घोडीचे दोन पाय झाले होते, दोन राहिले होते. उरलेल्या दोन पायांसाठी नाल आणायला आर्डिस घरी निघाली आणि वाटेत अडकली. ती बाई नंतर दुसरा नालबंद शोधायला लागली.

मग आर्डिसने संशय धरला. आणि आर्डिसने संशय धरला म्हणजे तो कानशीसारखा रोज थोडा थोडा चालायचा.

"हे बघ," ती माझ्या गल्ल्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडे बंद पडते, त्याच्याकडे पडत नाही. याचा अर्थ काय?"

"गाडीच्या मनात काय आहे ते मला काय माहीत?"

"गाडीला मन नसतं. वेंडेलला आहे. तीन महिन्यांत तीन वेळा गाडी त्याच्याकडे गेली. त्याचं गॅरेज तेवढ्यावरच चाललंय की नाही बघ."

"अगं, वेंडेलने माझी मालाची गाडी बावीस वर्षं सांभाळली."

"तुझी मालाची गाडी कधी बंद पडली का?"

"नाही."

"मग तुला काय कळणार?"

पंप खरंच बदललाय की नाही, हे पाहायला तिने एक युक्ती केली होती. ऑगस्टमध्ये गाडी गॅरेजमध्ये देण्याआधी ती ट्रकच्या खाली गेली आणि टाकीच्या बोल्टांवर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके दिले. गाडी परत आल्यावर बघितलं तर ठिपके फुटलेले. म्हणजे बोल्ट उघडले होते. टाकी उघडून बघितली, तर आत चकचकीत नवा पंप होता. दुसरी कुणी असती तर तिचं समाधान झालं असतं.

"म्हणजे तो एवढा सफाईदार आहे," आर्डिस म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. उत्तरेकडच्या एका फार्मवर जाताना तिला आरशात वेंडेलची तपकिरी मोटार दिसली. पाऊण मैल मागे, पण वळणावळणाला तिच्याच मागे. त्या बाजूला वेंडेलचं काही काम नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्या दिवशी ट्रक बंद पडला. आर्डिस उतरली आणि मागे बघते तर टेकडीच्या माथ्यावर ती मोटार थांबलेली. कुणी पुढे येईना. तिने गाडी कशीबशी चालू केली आणि निघाली.

"तो बघायला आला होता," ती मला म्हणाली. "आपण केलेलं बरोबर जमलंय की नाही, ते."

"काय केलेलं?"

"ते कळलं असतं तर मी तुझ्याशी बोलत बसले असते का?"

मला हसू आलं, पण तेव्हा मी हसलो नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात जरा पाल चुकचुकली होती. टेकडीवर थांबून बघत राहायचं आणि मदतीला यायचं नाही, हे वेंडेलला शोभणारं नव्हतं.

त्याच महिन्याच्या शेवटी वेंडेलने तिला सांगितलं, "आर्डिस, ही गाडी काढून टाक. दे आणि दुसरी घे."

हे ऐकल्यावर तर तिची झोप उडाली. जो माणूस दुरुस्तीवर जगतो, तो दुरुस्ती नको म्हणतो? का? दोनच दिवसांत ती साठ मैलांवरच्या मोठ्या गावात गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेली, नुसती चौकशी करायला. ब्राइस कोल्टर नावाचा तिशीतला माणूस होता, दात फार पांढरे. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, खाली वाकून सांगाड्यावर हात फिरवला आणि बदल्यात इतकी किंमत लावली की आर्डिसला धक्काच बसला.

"तुम्हाला कळलं ना, ही गाडी रस्त्यात बंद पडते?" तिने विचारलं.

"कळलं मॅडम."

"तरी एवढी किंमत?"

"या बनावटीला मागणी आहे. सांगाडा गंजलेला नाही. बाकीचं आम्ही बघून घेऊ."

"बघून घेऊ म्हणजे?"

"म्हणजे... बघून घेऊ," तो हसत म्हणाला.

बाहेर येताना तिला ब्राइसच्या आवारात, कुंपणापाशी, वेंडेलची तपकिरी मोटार उभी दिसली.

आता तिच्या डोक्यात सगळं जुळलं. मिस्त्रीने गाडी बिघडवायची, मालकिणीला कंटाळा आणायचा, विक्रेत्याने घ्यायची, दोघांनी वाटून खायचं. ती मला हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा लाल नव्हता, पांढरा होता. नेमका तेव्हाच वेंडेल कुत्र्याचं खाणं घ्यायला माझ्या दुकानात शिरला.

"आलास?" आर्डिस म्हणाली. "कितीला विकलीस मला?"

वेंडेलने टोपी काढली. "काय?"

"शनिवारी ब्राइस कोल्टरकडे काय करत होतास?"

"तुझ्या ट्रकचं विचारायला गेलो होतो."

"ऐकलंस?" ती माझ्याकडे वळली. "तोंडाने कबूल करतोय! आणि माझ्या मागे मागे फिरतोस, ते? टेकडीवर उभा राहून मजा बघतोस, ते?"

वेंडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो काहीतरी बोलणार होता, पण आर्डिस थांबायला तयार नव्हती.

"माझा बाप घोड्यांना करायचा, ते तू गाड्यांना करतोस. फरक एवढाच, की तो निदान बडबड तरी करायचा."

हे बोलायला नको होतं. वेंडेलने टोपी डोक्यावर ठेवली आणि कुत्र्याचं खाणं न घेताच निघून गेला. आर्डिसने त्याच संध्याकाळी ब्राइसला फोन करून व्यवहार पक्का केला. वेंडेलच्या हाती पुन्हा गाडी देण्यापेक्षा तिला ती त्या पांढऱ्या दातांच्या माणसाला देणं परवडत होतं. नवी गाडी यायला दोन आठवडे लागणार होते. तोवर हौदा मोकळा करून ठेवा, असं ब्राइस म्हणाला.

तिने ऐरण उतरवली, पेट्या उतरवल्या. घोडी तेवढी बोल्ट गंजल्यामुळे निघेना, ती राहिली. काम तर थांबवता येत नव्हतं. मग तिने शेजाऱ्याचा दोन चाकांचा छोटा ट्रेलर मागून आणला, त्यात सामान भरलं आणि ट्रकला जोडून कामावर जायला लागली.

आणि ट्रक बंद पडेना.

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. उत्तरेचा कच्चा रस्ता, नदीकाठचा खडबडीत रस्ता, कुठेही नाही. आर्डिसला आनंद व्हायला हवा होता. ती दर मैलाला आणखी चिडत होती.

"व्यवहार ठरला आणि गाडी सुधारली," ती माझ्याकडे येऊन म्हणाली. "म्हणजे त्याचं काम झालं, म्हणून त्याने हात काढून घेतला."

"अगं पण तो गाडीजवळ आलाय कुठे? तुझ्या तबेल्यात तर असते."

तबेल्याला दोन कुलपं होती. ते खेचर परक्या माणसाला पाहिलं की अख्खं खोरं दणाणून सोडायचं. दहा दिवसांत एकदाही ओरडलं नव्हतं. माझं वाक्य घेऊन ती घरी गेली, आणि मला वाटतं, त्या दिवशी तिने पहिल्यांदा माणसांचा विचार बाजूला ठेवून गाडीचा विचार केला.

लंगडणारा घोडा आणला की आर्डिस मालकाला काही विचारत नाही. एकेक गोष्ट काढते आणि घोडा चालवून बघते. खोगीर काढलं, चालव. नाल काढली, चालव. ज्या गोष्टीने लंगड जातं, ती परत चढवून बघायची. लंगड परत आलं तर चोर तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रेलर सोडला. ऐरण उचलून घोडीवर बसवली, पेट्या आणि भट्टी जागच्या जागी ठेवली आणि नदीकाठच्या रस्त्याला लागली. तिसऱ्या मैलाला एक खड्डा आला, हौदा दणकला आणि इंजिन गप्प झालं.

ती उतरून ऐरणीखालच्या बाजूला पाठीवर झोपली आणि सरकत आत गेली. हौद्याच्या तळातून तिच्या घोडीचे चार बोल्ट खाली आले होते. तीन बेताचे होते. चौथा चार बोटं लांब. वसंतात तो कापताना करवतीचं पातं तुटलं होतं. नंतर कापू, असं म्हणून तिने तो तसाच ठेवला होता. त्या बोल्टाचं टोक घासून आरशासारखं चमकत होतं. आणि बरोबर त्याखाली, सांगाड्याच्या कडेने, टाकीतल्या पंपाकडे जाणाऱ्या तारा होत्या. वरचं आवरण फाटलं होतं. ऐरणीचा भार आला, खड्ड्यात हौदा लचकला, की बोल्ट त्या तारेवर बसायचा आणि आत तुटलेली तार सुटायची. ती हौद्यात चढ-उतार करायची, तेव्हा तार पुन्हा टेकायची.

किती वेळ ती तशीच गाडीखाली पडून राहिली, ते तिने मला सांगितलं नाही. केसांत वाळू घेऊनच ती वेंडेलच्या गॅरेजवर गेली, एवढं मला माहीत आहे, कारण मीही तिथे होतो. माझ्या मालाच्या गाडीचं तेल बदलायचं होतं.

"वेंडेल," ती दारातच उभी राहिली. "खाली ये. म्हणजे, गाडीखाली ये."

तो बॅटरी घेऊन आत सरकला. बराच वेळ त्याचे बूट तेवढे दिसत होते. मग आवाज आला, "हा बोल्ट कुणी लावला?"

"मी."

बूट हलले नाहीत. मग तो बाहेर आला, उठून बसला, हात पुसले.

"आर्डिस, एक विचारू? ट्रक माझ्याकडे आणायचीस तेव्हा हौदा दर वेळी रिकामा कसा?"

तिने केसांतली वाळू झटकली.

"ऐरण त्यात असती तर पहिल्याच दिवशी माझ्याकडे बंद पडली असती."

"घरी उतरवून यायचे."

"का? खांदा दुखतो ना तुझा?"

आर्डिसने खाली बघितलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दार तिच्या मागे होतं.

"तुझ्या अंगणात ठेवायची नव्हती," ती म्हणाली.

"मी चोरीन म्हणून?"

"हो."

वेंडेलने मान हलवली. रागावला असं वाटलं नाही. थकला होता. "चाळीस वर्षांत मला न सापडलेला बिघाड हाच. मला वाटलं, माझी नजर गेली, कान गेले. म्हणून तुझ्या मागे येत होतो. बंद पडताना कशी पडते, ते बघायचं होतं. त्या दिवशी मी टेकडीवरून उतरून चालत निघालोच होतो, तेवढ्यात तू चालू करून गेलीस."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या रस्त्याने गेली असतीस."

"आणि ब्राइस?"

"त्याच्याकडे गाडी तपासायचं यंत्र आहे. असा बिघाड कधी दिसलाय का, ते विचारायला गेलो. त्याला काही माहीत नव्हतं. मग म्हटलं, निदान बाईला भाव तरी नीट दे. पुढे हिवाळा आहे, आर्डिस. त्या रस्त्यावर फोन लागत नाही. बर्फात बंद पडलीस तर वसंतातच सापडशील."

आर्डिस एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "तुझ्या दुकानात मी जे बोलले..."

"त्याच्या दुकानात," वेंडेलने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुझ्याबद्दल बोलले. बापाचं नाव घेऊन. ते चुकलं माझं."

"चुकलंच," वेंडेल म्हणाला आणि करवत आणायला आत गेला.

बोल्ट कापायला चार मिनिटं लागली. तार जोडून तिच्यावर रबरी नळी चढवायला अर्धा तास. आर्डिस त्याच्या बाजूला जमिनीवर झोपून बॅटरी धरून होती. त्याने प्रत्येक गाठ मारली की ती जवळ जाऊन बघायची, ओढून पाहायची. स्वभाव अर्ध्या तासात जात नाही. त्यानेही तिला ओढू दिलं.

राहिला ब्राइस. तिने माझ्याच दुकानातून फोन लावला आणि व्यवहार मोडला. तो नाराज झाला. नवी गाडी परवा यायची होती.

"मॅडम, अकरा वर्षांची गाडी आहे. आज एक सापडलं, उद्या दुसरं निघेल. विचार करा."

"केला. हिला काही झालेलं नव्हतं. मीच तिला टोचत होते."

"एवढंच असेल तर आम्हालाही ते सापडलंच असतं."

"आणि सापडलं असतं तर मला फोन करून सांगितलं असतंस? की बाई, चार मिनिटांचं काम आहे, गाडी परत घेऊन जा?"

आर्डिस फोन कानाला घट्ट लावून वाट बघत होती.

मग तो म्हणाला, "बहुतेक नाही."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, आता त्याचा उद्धार होणार. पण ती तिथेच पेंडीच्या पोत्यांना टेकली.

"खरं बोलला," ती म्हणाली.

ट्रक त्यानंतर चार वर्षं चालला. शेवटी इंजिनानेच हात टेकले. दुरुस्त करू म्हटलं तरी वेंडेलने नको सांगितलं आणि या वेळी तिने त्याचं पहिल्या बोलण्यात ऐकलं. दुसरी गाडी घ्यायला ती ब्राइसकडेच गेली. वेंडेलला सोबत नेलं होतं. दोघांनी मिळून तीन तास त्या कोऱ्या गाडीचा एकेक स्क्रू तपासला आणि ब्राइस तोवर दारात कॉफी पीत उभा होता.